बरे वाटणे आणि बरे होणे

बाभळीचा काटा टाचेत मोडला आहे. दिवसभर तो सलतो आहे. संध्याकाळी घरी आल्यावर ओट्यावर बसून, दिव्याच्या उजेडात, सुईने भोवतालची कातडी उकरून तो एकदाचा निघतो. त्या क्षणी जीव कसा हलका होतो! खरे पाहता काही मिळालेले नसते. सकाळी काटा मोडण्याआधी पाय जसा होता, तसाच तो पुन्हा झाला, इतकेच. उलट सुईने थोडा अधिकच उकरला गेला. पण सकाळी त्या धड पायाचे काही सुख वाटले नव्हते आणि आता मात्र वाटते आहे.

वाचकहो, सुख आणि दुखणे ही आपण दोन टोके समजतो. पण शरीरात ती शेजारी शेजारीच राहतात. काही दुखणी आपण हौसेने ओढवून घेतो, काही थांबली की स्वर्ग हाती आल्यासारखे वाटते, आणि काही दुखणी थांबणे हीच धोक्याची खूण असते. यांतली कुठली कोणती, हे घरातल्या एकाला तरी ओळखता आले पाहिजे. कधी कधी त्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

दुखण्याची नावे

आपल्या भाषेत दुखण्याला किती नावे आहेत पाहा. काटा सलतो, गळू ठसठसते, दाढ ठणकते, जखम झोंबते, डोळे चुरचुरतात, डोके भणभणते. पोटात मुरडा येतो, पाठीत उसण भरते, कमरेत चमक निघते, पायाला मुंग्या येतात, छातीत जळजळते, बाळंतिणीला कळा येतात.

हे शब्द उगाच पडलेले नाहीत. नाडीच्या ठोक्यागणिक ठसठसत असेल तर तिथे सूज दाटली आहे किंवा पू धरला आहे असे समजावे. थांबून थांबून लाटेसारखी येणारी कळ आतड्याची, मूत्रनळीची किंवा गर्भाशयाची असते, कारण ही पोकळ इंद्रिये आवळली की दुखतात आणि सैल पडली की थांबतात. आग होणे, मुंग्या येणे, वीज चमकल्यासारखी चमक जाणे ही नसेची भाषा आहे.

घरी आपण हे सारे शब्द बरोबर वापरतो. डॉक्टरांपुढे बसलो की मात्र तोंडातून एवढेच निघते, "दुखतंय." तसे करू नका. जो शब्द घरी वापरता तोच तिथे सांगा. निम्मे निदान त्या शब्दातच असते.

आजीची फुंकर

पोर अंगणात पडते. आजी त्याला उचलते, गुडघा चोळते, फुंकर घालते आणि म्हणते, "काही नाही झालं, मुंगी मेली बघ!" पोर हसायला लागते. ही नुसती समजूत नाही. चोळण्याने दुखणे खरोखरच कमी होते.

खुंटी ठोकताना हातोडा अंगठ्यावर बसला तर काय होते ते आठवा. आधी एक लख्ख तीक्ष्ण कळ जाते आणि हात झटकन मागे येतो. मग क्षणभराने संथ, जळजळता ठणका सुरू होतो आणि तो बराच वेळ राहतो. या दोन कळा दोन निराळ्या तंतूंतून येतात. पहिली ज्यातून येते ते तंतू सेकंदाला पाच ते तीस मीटर वेगाने निरोप नेतात. दुसरीचे तंतू फार बारीक असतात. त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर. आणि साध्या स्पर्शाचे जाड तंतू या दोहोंपेक्षाही वेगवान असतात.

१९६५ साली कॅनडाचे रोनाल्ड मेलझॅक आणि इंग्लंडचे पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी असे मांडले की, हे सारे निरोप पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत येतात आणि तिथे एक प्रकारचे दार असते. आपण पाटाच्या पाण्यावर दारे धरतो तसेच हे समजा. स्पर्शाचे पाणी जोराने आले की दुखण्याच्या सरीचे दारे बंद होऊ लागते. म्हणून चोळले की बरे वाटते. या विचारात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण मुख्य गोष्ट टिकली आहे.

या दाऱ्यावर वरून मेंदूचाही हुकूम चालतो. पाऊस अंगावर आला असताना घाईने काढणी चालली असेल तर विळा लागल्याचे भानही राहत नाही. काम आटोपून हात धुताना रक्त दिसते आणि मग दुखायला लागते. उलट भीती वाटत असली, रात्री झोप येत नसली, की तेच दुखणे दुप्पट होते. म्हणून घाबरलेल्या दुखणाईताजवळ धीराने बसणारे माणूस हेही एक औषधच आहे.

तिखट ही चव नव्हे

आता हौसेचे दुखणे घ्या. गरम भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. नाकातून, डोळ्यांतून पाणी येते, कपाळाला घाम फुटतो, आणि हात मात्र पुन्हा ठेच्याकडेच जातो.

गोड, आंबट, खारट, कडू या चवी आहेत. तिखट ही चव नाही, ते दुखणे आहे. मिरचीतील कॅप्सेसिन नावाचा पदार्थ जिभेवरच्या अशा दाराची कडी काढतो, जे एरवी साधारण ४३ अंशांच्या वर गेलेल्या उष्णतेने उघडते. म्हणजे जिभेला चटका बसलेला नसतो, पण मेंदूला चटक्याचाच निरोप जातो. हे दार अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली शोधून काढले. त्यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. पक्ष्यांच्या अंगातले हे दार मिरचीने उघडत नाही. म्हणूनच पोपट तिखटातली तिखट मिरची मजेत खातो आणि पुष्कळ पक्षी तिचे बी दूरवर नेऊन टाकतात.

हे दुखणे आपल्याला का आवडावे? एक कारण असे सांगतात की, दुखण्याचा निरोप गेला की शरीर आपले स्वतःचे वेदनाशामक तयार करते. अफूसारखे काम करणारे असे पदार्थ प्राण्यांच्या मेंदूत असतात, हे स्कॉटलंडमधील अॅबरडीन येथे ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी १९७५ साली दाखवले. दुसरे कारण मनाचे आहे. पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मेक्सिकोतील एका डोंगरी खेड्यात पाहिले, की माणसांचे तिखट उष्टे रोज खाणाऱ्या तिथल्या डुकरांना आणि कुत्र्यांना तिखटाची आवड लागलेली नव्हती. माणसाला ती लागते, कारण जिभेला आग लागली तरी यात धोका नाही आणि वाटेल तेव्हा थांबता येते, हे त्याला ठाऊक असते. उंच पाळण्यात बसून ओरडण्याची मजा तशीच.

ध्यानात ठेवा, दुखण्यात गोडी वाटते ती या दोन अटींवर. धोका नसावा आणि थांबवणे आपल्या हाती असावे. यातली एक जरी अट गेली तरी ते नुसते दुखणे उरते.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, तेलातुपात विरघळते. जीभ पोळली तर पाण्याऐवजी दूध किंवा दही घ्या. मिरच्या तोडून किंवा कांडून हातांची आग होत असेल तर आधी तेल चोळा, मग साबणाने धुवा. तोवर डोळ्यांना आणि लहान मुलांना हात लावू नका.

खाजवण्याचे सुख

खाजवण्यासारखे स्वस्त सुख नाही, असे म्हणतात. नखाने कातडीला थोडे दुखवले की ते दुखणे मज्जारज्जूत खाजेचा निरोप दाबून टाकते. म्हणजे इथे दुखणे हेच औषध झाले. पण कातडी सोलवटते, आणखी खाज सुटते आणि चक्र सुरू होते.

गजकर्णाच्या बाबतीत तर हे सुख फार महाग पडते. दुकानातून कुठलेसे मलम आणतात. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत खाज थांबते आणि घरचे म्हणतात, काय गुणकारी मलम आहे! पण बुरशी मेलेली नसते. स्टेरॉइडने कातडीची लढण्याची शक्ती दबलेली असते, म्हणून लाली आणि खाज दिसत नाही आणि बुरशी आत बिनबोभाट पसरते. मलम थांबवले की गजकर्ण दुप्पट होऊन उठते. आज गावोगाव हट्टी गजकर्ण झाले आहे त्यामागे हे एक मोठे कारण आहे. खरजेचेही तसेच. ती बारीक किड्याने होते. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावले आणि कपडे, अंथरुणे गरम पाण्याने धुऊन उन्हात टाकली तरच ती जाते.

इथे आपल्या भाषेतला एक बारीक भेद फार कामाला येतो. "बरे वाटणे" निराळे आणि "बरे होणे" निराळे. मलमाने बरे वाटले होते. बरे झाले नव्हते.

तलफ

बरे वाटण्याचा आणखी एक फसवा प्रकार आहे. सकाळी डोके जड असते. चहा पोटात गेला की उतरते. आपण म्हणतो, चहाने डोकेदुखी थांबली. पण रोज चार-पाच कप घेणाऱ्याचे डोके पुष्कळदा चहा न मिळाल्यामुळेच दुखत असते. चहानेच लावलेले दुखणे चहाने थांबते आणि श्रेयही चहालाच मिळते.

चहाचे एक वेळ चालून जाईल. तंबाखूचे आणि मिश्रीचे तसे नाही. मिश्री लावली की जिवाला बरे वाटते, असे कितीतरी बायाबापड्या सांगतात. ते खोटे नाही. पण ती बेचैनी आधीच्या मिश्रीनेच आणलेली असते. हिरडी बधिर होते, दाढेचे दुखणे दबते आणि गालाच्या आत पांढरा चट्टा वाढत असला तरी कळत नाही, कारण तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. तोंडात न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा पंधरा दिवसांहून अधिक राहिला, तर दुखत नसले तरी दाखवून घ्यावे.

डोकेदुखीच्या गोळीचेही असेच आहे. महिन्यात दहा-पंधरा दिवसांहून अधिक अशी गोळी कित्येक महिने घेत राहिले, तर गोळीच डोकेदुखी लावते.

कष्टाचे दुखणे

मृगाच्या तोंडावर पहिले दोन दिवस कष्ट पडले की तिसऱ्या दिवशी मांड्या, दंड आणि पाठ भरून येते. हे दुखणे वाईट नव्हे. बरेच दिवस न केलेले काम केले की स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते, मग थोडी सूज येते आणि एक ते तीन दिवस दुखते. स्नायूत साचलेल्या आम्लाने हे होते, असा समज होता, तो खरा नाही. ते आम्ल तासा-दोन तासांत निघून जाते. धागे भरून येताना अधिक बळकट होतात. म्हणून हेच काम आठवड्याने केले तर तितके दुखत नाही.

अशा अंगावर रात्री ऊन ऊन पाणी पडले, पोराने पाय चेपून दिले, की जे सुख मिळते ते दिवसभर गादीवर लोळणाऱ्याला मिळायचे नाही. मेंदू सुख मोजतो ते आधीच्या स्थितीशी ताडून. उन्हातून आलेल्यालाच निंबाची सावली कळते.

पण कष्टाचे दुखणे आणि इजेचे दुखणे यांत फरक करायला शिका. कष्टाचे दुखणे दोन्ही बाजूंना सारखे असते, हलके काम केले की मोकळे होते आणि चार-पाच दिवसांत जाते. कमरेतून निघून एका पायात खाली उतरणारी चमक, पायाला बधिरपणा, पाऊल उचलताना अडखळणे हे नसेचे काम आहे. आणि त्यासोबत लघवी तुंबली किंवा तिच्यावर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

कशाने बरे वाटते?

दुखते कुठे, हे सगळे सांगतात. चांगला डॉक्टर त्यापुढे विचारतो, कशाने बरे वाटते? कारण आराम कशाने पडतो यावर दुखण्याची जात कळते.

चढण चढताना किंवा ओझे उचलताना छातीत दाटून येते आणि पाच मिनिटे बसले की थांबते. माणूस म्हणतो, "बसलो की बरं वाटतं, मग काही नाही." अहो, बसल्याने बरे वाटते हीच तर हृदयाची खूण! हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या अरुंद झाल्या की असे होते. आणि बसूनही जर ते थांबले नाही, छातीवर धोंडा ठेवल्यासारखे वाटले, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम आला, तर सोडा-लिंबू पीत बसू नका. १०८ ला फोन लावा. मधुमेही माणसाला आणि बायकांना अशा वेळी कधी कधी छातीत न दुखता नुसता दम लागतो किंवा मळमळते, हेही लक्षात असू द्या.

चालताना पोटरी दुखते आणि नुसते उभे राहिल्याने थांबते, तर पायाच्या रक्तनळ्या अरुंद झाल्या असतील. विडी-तंबाखूवाल्यांत हे अधिक. पण उभे राहून आराम पडत नाही, पुढे वाकले किंवा बसले तरच पडतो, तर दोष कण्यात असावा.

पोटाच्या वरच्या भागात आग होते आणि दोन घास खाल्ले की थांबते, तर लहान आतड्याच्या तोंडाशी व्रण असू शकतो. पुष्कळदा तो एका जंतूमुळे होतो, हे ऑस्ट्रेलियाच्या मार्शल आणि वॉरेन यांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले. त्यांना २००५ साली नोबेल मिळाले. दोन आठवड्यांच्या औषधाने तो जातो. वर्षानुवर्षे सोडा खात बसण्याचे कारण नाही.

मुतखड्याचा माणूस गडबडा लोळतो, कुठल्याच कुशीवर त्याला चैन पडत नाही. पोटात पू झालेला माणूस हलतसुद्धा नाही, कारण हलले की दुखते. बैलगाडीचा धक्काही त्याला सोसत नाही. दोघांचेही पोटच दुखते, पण आराम शोधण्याची तऱ्हा किती निराळी!

दुखणे थांबले, आणि घात झाला

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दुखणे थांबणे म्हणजे नेहमीच बरे होणे नव्हे.

दाढ आठ दिवस ठणकते आणि एके दिवशी आपोआप थांबते. आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. पुष्कळदा दाढेतली नस मेलेली असते, म्हणून दुखणे थांबलेले असते. कीड आणि पू खाली जबड्याकडे चाललेलेच असतात.

बेंबीजवळ दुखू लागले, मग दुखणे उजवीकडे खाली सरकले, ताप आला, उलटी झाली, आणि नंतर एकाएकी आराम पडला. घरचे म्हणतात, देव पावला. पण सुजलेले अपेंडिक्स आत फुटले की ताण सुटतो आणि थोडा वेळ असाच आराम वाटतो. त्यानंतर सगळ्या पोटात विष पसरते. असे दुखणे अंगावर काढू नये, आणि पोट शेकत बसू नये.

विंचवाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड भागात लाल विंचवाच्या दंशाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यांचे निरीक्षण असे, की ज्याला दंशाच्या जागी असह्य कळा येतात आणि बाकी काही नसते, त्याच्या जिवाला सहसा धोका नसतो. धोका असतो तो भरपूर घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय आणि लाळ ही लक्षणे असलेल्याला, मग दंशाची जागा फारशी दुखत नसली तरीही. अशा रोग्यांना प्राझोसिन ही साधी गोळी वेळेवर देऊन त्यांनी मृत्यूचे प्रमाण पुष्कळ खाली आणले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे किंचाळणारे पोर पाहून जितके घाबरायचे, त्याहून अधिक गार पडून घामाघूम झालेले, गप्प पोर पाहून घाबरायला हवे.

मण्यारीचेही असेच. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावल्याचे पुष्कळदा कळतही नाही. ना सूज, ना आग. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, घोट गिळवत नाही. दंशाची खूण शोधत किंवा मांत्रिकाकडे बसून घालवलेला प्रत्येक तास जिवावरचा असतो. तडक सरकारी रुग्णालयात न्यावे, प्रतिविष तिथे मिळते. खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपावे, हे त्याहून चांगले.

आणि ज्याला दुखतच नाही त्याचे काय? कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने सडून गळतात असा पूर्वी समज होता. वेल्लोरच्या रुग्णालयात डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवले, की बोटे जातात ती बधिरपणामुळे. चटका कळत नाही, खिळा टोचलेला कळत नाही, जखम होऊनही माणूस त्याच पायावर चालत राहतो. आज हाच प्रकार मधुमेहाने घरोघरी आला आहे. ज्याला साखरेचा आजार आहे त्याने अनवाणी शेतात जाऊ नये, आणि रोज रात्री तळपाय आरशात पाहावे किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावे. काटा सलतो, हे भाग्य समजा.

गोळीचा हिशेब

मग दुखण्यावर गोळी घेऊच नये का? जरूर घ्यावी, पण हिशेबाने. अंगदुखीच्या बहुतेक जालीम गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या तर जठरातून रक्त जाऊ शकते. दिवसभर उन्हात, पाणी कमी प्यालेल्या माणसाच्या मूत्रपिंडाला त्या अधिकच बाधतात. सांधेदुखीवर "अगदी जादूसारख्या" लागू पडणाऱ्या बिनलेबलाच्या पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड असते. चार महिन्यांत तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. अशा पुड्या चालू असतील तर एकदम थांबवू नका, तेही धोक्याचे असते. डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी करा.

जनावराचेही ध्यानात ठेवा. गुरे-म्हशी दुखणे लपवतात. रवंथ थांबवणे, दात खाणे, कान पाडून एकीकडे उभे राहणे, एवढ्यावरूनच ओळखावे लागते. त्यांना आराम पडावा म्हणून देशभर डायक्लोफिनॅक टोचले गेले. ते टोचलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे बंद पडत. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरांतली नव्याण्णव नाहीशी झाली. कारण २००४ साली उघडकीला आले आणि २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केले. गिधाडांना बाधत नाही असे मेलॉक्सिकॅम मिळते. तेच मागा.

सोसण्याला मर्यादा असावी

शेवटी एक बोलायलाच हवे. आपल्याकडे सोसण्याची फार थोरवी गातात, आणि सोसण्याचे काम बहुतेक वेळा घरातल्या बाईवर येते. पाळीत दर महिन्याला लोळायची वेळ येते, तर "बाईच्या जातीला हे चालायचंच" म्हणून सोडून देतात. कंबर मोडलेली असते, तरी चूल पेटवायला तीच उठते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण खरी असेल. पण ज्या दुखण्यातून काहीच घडत नाही, ते सोसण्यात कसले देवपण?

दुखण्याची आठवणही आपल्याला फसवते. १९९३ साली डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना एक मिनिट गारठलेल्या पाण्यात हात धरायला लावला. दुसऱ्या खेपेस तेच एक मिनिट, आणि वर आणखी अर्धा मिनिट, फक्त त्यात पाणी जरासे कमी गार केले. पुन्हा कुठली खेप घ्याल असे विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेली खेप निवडली! शेवट बरा झाला की अख्खे दुखणे बरे वाटू लागते. म्हणूनच गेल्या महिन्यातली छातीतली कळ आपण विसरतो, आणि सूनबाईच्या पोटात दोनदा येऊन गेलेले दुखणेही. तेव्हा दुखणे येऊन गेले की कॅलेंडरवर खूण करा, दोन शब्द लिहा. कागद विसरत नाही.

आणि ज्या दुखण्याला बरे होणेच उरलेले नाही, तिथे बरे वाटणे हेच सर्वस्व असते. कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतल्या माणसाला मॉर्फिन योग्य मात्रेत दिले तर तो शांत झोपतो, नातवंडांशी बोलतो. व्यसन लागेल या भीतीने ते नाकारणे हा दुष्टपणा आहे. केरळात कोझिकोड येथे १९९३ साली अशा रोग्यांच्या आरामासाठी काम सुरू झाले आणि ते गावोगाव पसरले. २०१४ साली संसदेने कायदा सुधारून रुग्णालयांना हे औषध मिळवणे सोपे केले. मोठ्या रुग्णालयात गेलात तर "दुखणे कमी करणारा विभाग कुठे?" असे निःसंकोच विचारा. तो रोग्याचा हक्क आहे.

तर वाचकहो, ठेच्याचे दुखणे खुशाल खा. कष्टाचे दुखणे ऊन पाण्याने आणि झोपेने उतरवा. नवीन, वाढत जाणारे, झोपेतून उठवणारे किंवा एकाएकी थांबलेले दुखणे दाखवून घ्या. आणि घरात कुणी म्हणाले, "आता बरं वाटतंय," तर आनंद माना, पण एक प्रश्न जरूर विचारा: काटा निघाला का, की नुसता सलायचा थांबला?